आत्मकथन व मनःस्वास्थ्य

स्वतःच्या आयुष्यातील घटना, विशेषतः दुःखद वा मानभंग करणाऱ्या घटना, लिहून काढल्याने लिहिणाऱ्याच्या मनावर जो इष्ट परिणाम होतो, त्याचा विचार साहित्यसमीक्षा व मानसशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत केला जातो. आत्मचरित्र, आठवणी, रोजनिशी, पत्रे आणि आत्मपर कादंबरी हे लेखनप्रकार या विचाराच्या कक्षेत येतात. लिहिल्याने दुःख हलके होते, ही समजूत जुनी आहे. परंतु ते कशामुळे हलके होते, केव्हा होत नाही आणि या परिणामाचा साहित्यकृतीच्या मूल्याशी काय संबंध असतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे मराठीतील आत्मकथनांच्या, त्यांतही दलित आत्मकथनांच्या मूल्यमापनात काही गैरसमज निर्माण होतात.

संकल्पनेचा विकास : ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) शोकात्मिकेच्या संदर्भात मांडलेली ‘कॅथार्सिस’ किंवा विरेचनाची कल्पना या विषयाच्या चर्चेत नेहमी उद्‌धृत केली जाते. तथापि ती प्रेक्षकाविषयीची आहे, नाटककाराविषयीची नव्हे. भारतीय रससिद्धांतही प्रामुख्याने सहृदयाच्या आस्वादाचाच विचार करतो. मात्र एका ठिकाणी त्याने कविमनाचाही प्रश्न हाताळला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीचा शोक श्लोकरूपाने प्रकट झाला, या परंपरागत कथेचे विवरण करताना अभिनवगुप्ताने (दहावे–अकरावे शतक) ध्वन्यालोकावरील लोचन टीकेत असे प्रतिपादन केले, की हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये. तसा तो असता, तर मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ झाला असता आणि काव्यरचना त्याच्या हातून झाली नसती. दुःख अनुभवणे आणि दुःखाला रूप देणे या दोन भिन्न अवस्था आहेत, हा या विवेचनाचा आशय होय. आधुनिक मानसशास्त्र प्रयोगांच्या मार्गाने ज्या निष्कर्षाजवळ आले, त्याच्याशी या आशयाचे नाते लक्षणीय आहे.

पश्चिमेत सेंट ऑगस्टीनच्या कन्फेशन्स (सु. ३९७–४००) या ग्रंथाने आत्मनिवेदनाला पापांच्या कबुलीची व आत्मशुद्धीची चौकट दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती चौकट धर्माकडून वैद्यकाकडे सरकली. योझेफ ब्रॉयर (१८४२–१९२५) व सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी १८९५ साली उन्मादविकारावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विस्मृतीत दडपलेला प्रसंग त्याच्याशी निगडित भावनांसह बोलून दाखविल्यास लक्षणे ओसरतात, असे त्यात म्हटले होते. येथे भर बोलण्यावर होता व ऐकणारा वैद्य समोर होता. लेखनात असा श्रोता समोर नसतो; लिहिणाऱ्याला तो कल्पनेने उभा करावा लागतो. पुढे ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट व न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कथनोपचाराची मांडणी केली. ‘समस्या म्हणजे माणूस नव्हे’ ही तिच्यामागील भूमिका असून रुग्णाने आपल्या आयुष्याची कथा नव्या दृष्टीने सांगावी, यावर तिचा भर आहे.

प्रायोगिक अभ्यास : या विषयाचा प्रयोगनिष्ठ अभ्यास अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्यापासून सुरू झाला. पेनेबेकर व सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, दररोज १५ मिनिटे लिहावयास सांगण्यात आले. काहींनी क्षुल्लक विषयांवर, काहींनी आपल्या आयुष्यातील आघाताच्या केवळ वस्तुस्थितीवर, काहींनी केवळ भावनांवर, तर काहींनी वस्तुस्थिती व भावना या दोहोंवर लिहिले. या शेवटच्या गटातील विद्यार्थी लिहून झाल्यावर अधिक खिन्न झाले व त्यांचा रक्तदाबही वाढलेला आढळला. परंतु पुढील सहा महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाण्याची गरज त्यांना तुलनेने कमी भासली. लिहिताना बरे वाटणे आणि लिहिल्याने पुढे बरे होणे, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या प्रयोगाने दाखवून दिले. १९९९ साली जोशुआ स्माइथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दमा व संधिवाताभ संधिशोथ यांच्या रुग्णांवर अशाच पद्धतीचा प्रयोग केला. चार महिन्यांनंतर लेखन केलेल्या रुग्णांच्या प्रकृतीत तुलनेने अधिक सुधारणा आढळली.

यानंतर अशा अभ्यासांची संख्या झपाट्याने वाढली. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये १४६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यातून लेखनाचा परिणाम अनुकूल असला, तरी सरासरीने अल्प असतो, असे निष्पन्न झाले. म्हणजे लेखन हे सर्वांना सारखेच लागू पडणारे औषध नव्हे. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब वेगळीच आहे. पेनेबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांत लिहिल्या गेलेल्या मजकुराची शब्दशः तपासणी केली. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कार्यकारणभाव व आकलन दर्शविणारे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाल्याचे आढळले. २००३ मधील एका अभ्यासात सर्वनामांच्या वापरातील बदलही लाभाशी निगडित असल्याचे दिसून आले. एकाच प्रसंगाकडे कधी ‘मी’च्या, तर कधी इतरांच्या बाजूने पाहू शकणाऱ्या लेखकाला लेखन अधिक उपकारक ठरते, असा याचा अर्थ लावता येतो. थोडक्यात, गुण भावनांच्या नुसत्या उद्रेकात नसून रचनेत आहे. प्रसंगांचा क्रम लावणे, त्यांची कारणे शोधणे व त्यांच्याकडे पाहण्याची जागा बदलणे या तीन क्रिया आत्मकथनात घडतात. आणि त्याच कथनकलेच्याही मूलभूत क्रिया होत.

पाश्चात्त्य साहित्यातील एक उदाहरण : व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) या लेखिकेच्या आईचे निधन १८९५ मध्ये, लेखिका तेरा वर्षांची असताना झाले. आईच्या आठवणीने त्यांना पुढे अनेक वर्षे पछाडले होते. टू द लाइटहाउस (१९२७) ही कादंबरी लिहून झाल्यावर हे पछाडलेपण नाहीसे झाले व मनोविश्लेषक रुग्णासाठी जे करतात ते आपण स्वतःसाठी केले असावे, असे त्यांनी १९३९-४० मध्ये लिहिलेल्या व मृत्यूनंतर १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद केले आहे. मात्र याच लेखिकेने १९४१ मध्ये आत्महत्या केली, हेही विसरता येत नाही. एका दुःखाचा निचरा म्हणजे मनाच्या सर्व व्याधींचे निराकरण नव्हे. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच लेखनाच्या उपचारक्षमतेविषयी बोलणे योग्य ठरते.

मराठीतील परंपरा : मराठीत आत्मनिवेदनाचे मूळ संतवाङ्मयात आहे. बहिणाबाई (१६२८–१७००) यांच्या आत्मचरित्रपर अभंगांत बालपणीचा विवाह, वयाने पुष्कळ मोठा असलेला पती, त्याच्याकडून झालेली मारहाण आणि ब्राह्मण कुळातील स्त्रीने तुकारामांना गुरू मानल्यामुळे घरात उद्‌भवलेला संघर्ष यांचे निवेदन आढळते. सतराव्या शतकातील स्त्रीला आपले दुःख सांगण्यासाठी परमार्थाचीच भाषा उपलब्ध होती. त्या भाषेने तिला बोलण्याचा अधिकार दिला. परंतु दुःखाचे कारण पूर्वकर्मात शोधावयासही लावले. आत्मकथनाला लाभणारी चौकट केवळ आधार देत नाही, तर काय सांगता येईल याची मर्यादाही आखते, याचे हे प्रारंभीचे उदाहरण होय.

रमाबाई रानडे यांचे आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी (१९१०) हे पुस्तक न्यायमूर्ती म. गो. रानडे यांच्या १९०१ मधील निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्यात लेखिका पतीच्या छायेत उभी आहे. ‘मी’ऐवजी ‘आमच्या’ हा शीर्षकातील शब्द पुरेसा बोलका आहे. तरीही पतीच्या शिकवण्याची, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या रोषाची व त्यात झालेल्या कोंडीची हकीकत सांगता सांगता एका मुलीचे स्वतंत्र व्यक्तीत झालेले रूपांतर वाचकासमोर उभे राहते. पुण्यातील सेवासदनाचे कार्य त्यांनी याच काळात उभारले. लेखनामुळे कार्य घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु वैधव्याने आलेली निष्क्रियता झुगारण्याच्या प्रक्रियेतच हे दोन्ही उद्योग सामावलेले होते, असे म्हणता येते.

या परंपरेतील सर्वांत परिपक्व कृती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांची स्मृतिचित्रे (४ भाग, १९३४–३६) ही होय. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंना त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतीपासून दूर, लहान मुलासह नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. पुढे त्या पतीकडे परतल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. वियोग, अपत्यमृत्यू, दारिद्र्य, समाजाचा बहिष्कार आणि स्वतःच्याच मनातील जातिसंस्काराशी झुंज, एवढा मोठा दुःखभार त्यांच्या वाट्याला आला होता. प्रत्यक्ष लेखन मात्र तीस-पस्तीस वर्षांनी, टिळकांच्या १९१९ मधील मृत्यूनंतर झाले. या अंतराचा परिणाम पुस्तकाच्या वाक्यावाक्यांत दिसतो. वडिलांचे सोवळ्याचे वेड असो वा न सांगता घराबाहेर पडणारे टिळक असोत, ज्या माणसांनी घराला छळले, त्यांच्याकडे लेखिका मिस्किल ममतेने पाहते. हा विनोद दुःख झाकण्यासाठी योजलेला नाही. दुःख देणारा माणूसही आपल्या स्वभावाचा कैदी होता, हे उमगल्यावर जो विनोद शक्य होतो, तो हा आहे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या लेखिकेने बोलीच्या लयीत लिहिले आणि स्वतःला कोठेही थोर ठरविले नाही. शिवाशिवीचा संस्कार मनातून कसा एकेका पायरीने गळाला, याचे त्यांनी केलेले निवेदन हे मराठीतील आत्मविकासाच्या प्रांजळ चित्रणांपैकी एक होय. येथे लेखन उपचाराचे काम करते असे म्हणण्यापेक्षा, आधीच झालेल्या समेटाची ते नोंद घेते, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

दलित आत्मकथने : दया पवार (१९३५–९६) यांच्या बलुतं (१९७८) या कृतीने मराठी आत्मचरित्राचे स्वरूप पालटले. तीत दया पवार हा शिकलेला, शहरात स्थिरावलेला लेखक दगडू मारुती पवार याची कहाणी ऐकतो, अशी योजना आहे. दगडू हे लेखकाचेच मूळ नाव. ही योजना केवळ तंत्र म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. गावच्या महारवाड्यात व मुंबईतील कावाखान्यात घडलेला मुलगा आणि मध्यमवर्गीय वाचकांत वावरणारा कवी, या दोघांत पडलेली फूट हाच पुस्तकाचा विषय आहे. ‘मी’ व ‘तो’ यांच्यातील संवादामुळे लेखकाला स्वतःविषयी निष्ठुर होता आले व स्वतःची कीव टाळता आली. परंतु शेवटी ते दोघे एक होत नाहीत. दगडूची कहाणी सांगून झाली, तरी त्याचे ओझे उतरत नाही. कथनाने जखम भरून आली, असा सोयीस्कर शेवट लेखकाने पत्करला नाही, यात या कृतीचा प्रामाणिकपणा आहे.

बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचे जिणं आमुचं (१९८६) हे पुस्तक या चर्चेत वेगळ्या कारणाने महत्त्वाचे ठरते. फलटण येथे छोटे दुकान चालविणाऱ्या या लेखिकेने आपले लेखन अनेक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते प्रथम स्त्री या मासिकातून वाचकांसमोर आले. पुस्तकातील निवेदन ‘मी’चे नसून मुख्यतः ‘आम्ही’चे आहे. वाड्यातील देवदेवस्की, बाळंतपणे, उपासमार, सुनांचा छळ आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने आलेली जाग हा साऱ्या समाजाचा वृत्तांत आहे. स्वतःच्या संसारात सोसाव्या लागलेल्या मारहाणीविषयी लेखिका पुस्तकात जवळजवळ मौन पाळते. ती हकीकत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत येते. केवळ मन मोकळे करणे हा हेतू असता, तर जे सर्वांत खाजगी तेच प्रथम लिहिले गेले असते. लेखिकेने मात्र स्वतःचे दुःख समूहाच्या दुःखात ठेवले आणि त्यातून तिला बोलण्याचे बळ मिळाले. लपविलेली कागदपत्रे छापून येणे, स्त्रीच्या नावाने पुस्तक निघणे, ही तिच्या दृष्टीने उपचारापेक्षा हक्काची बाब होती.

शांताबाई कांबळे यांची माज्या जल्माची चित्तरकथा (१९८६), शरणकुमार लिंबाळे यांचे अक्करमाशी (१९८४), लक्ष्मण माने यांचे उपरा (१९८०) व ऊर्मिला पवार यांचे आयदान (२००३) या कृतींतही वैयक्तिक व सामाजिक दुःखाची अशीच गुंतागुंत आढळते. ‘आयदान’ म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. त्या विणून आईने संसार चालविला आणि आपले लेखन हीदेखील त्याच जातीची वीण आहे, असे नाते ऊर्मिला पवार यांनी जोडले आहे. कामात मन गुंतवून दुःख सोसण्याची आईची रीत लेकीच्या हाती लेखणीच्या रूपाने आली. दुःख सोसण्यापासून ते मांडण्यापर्यंतचे दोन पिढ्यांतील हे अंतर म्हणजे या प्रकारच्या लेखनाने साधलेला विकास होय.

मर्यादा व आक्षेप : आत्मकथनाच्या उपचारक्षमतेविषयी तीन आक्षेप विचारात घ्यावे लागतात. पहिला आक्षेप प्रसिद्धीविषयीचा आहे. प्रयोगशाळेतील लेखन निनावी असते व ते कोणास दाखवावे लागत नाही. छापलेले आत्मकथन मात्र सासर-माहेर, जातभाई व कचेरीतील सहकारी यांच्या हाती पडते. दलित लेखकांनी घरातले दैन्य चव्हाट्यावर मांडले, अशी तक्रार त्यांच्याच समाजातील काही सुशिक्षितांनी केली. एक एकाकीपण संपावे म्हणून लिहिणाऱ्याच्या वाट्याला त्यामुळे दुसरे एकाकीपण आले. दुसरा आक्षेप नैतिक आहे. कोणाचीही जीवनकथा त्याच्या एकट्याची नसते. सुनीता देशपांडे यांचे आहे मनोहर तरी (१९९०) हे आत्मपरीक्षणाच्या धारदारपणामुळे गाजले; पण हयात असलेल्या पतीविषयी एवढे उघडपणे लिहावे काय, या प्रश्नावर वादही झाला. लेखकाच्या मनःशांतीची किंमत इतरांनी का मोजावी, या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. मात्र अशा लेखनात स्वतःला दिलेली सवलत इतरांनाही दिली आहे काय, एवढे समीक्षकाला निश्चितपणे पाहता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. अस्पृश्यतेची, उपासमारीची वा जातपंचायतीच्या जुलुमाची हकीकत ‘मनावरील आघात’ या सदरात टाकली, की आरोपाचे रूपांतर तक्रारीत होते आणि तक्रारीचे लक्षणात. मग बदलायचा तो समाज नव्हे, तर लेखकाचे मन, असा समज होतो. वाचकही लेखकाला बरे वाटले असेल, या समाधानात स्वतःवरील जबाबदारीतून मोकळा होतो. प्रीमो लेव्ही (१९१९–८७) या इटालियन लेखकाने आउशविट्सच्या छळछावणीवरील आपले पुस्तक (१९४७) आंतरिक मुक्तीच्या गरजेतून लिहिले, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. तथापि साक्ष देण्याचे कर्तव्य त्यानंतर चाळीस वर्षे त्याने सोडले नाही. ज्या दुःखाचे मूळ बाहेरच्या व्यवस्थेत असते, त्याच्या बाबतीत आंतरिक मुक्ती व साक्ष ही दोन्ही कार्ये लेखनाला करावी लागतात. पहिल्याच्या कौतुकात दुसऱ्याचा विसर पडणे हे लेखकावर अन्याय करणारे ठरते.

मूल्यमापन : लेखकाला लेखनाने बरे वाटले, हे साहित्यकृतीच्या श्रेष्ठतेचे प्रमाण नव्हे. वहीत लिहून फाडून टाकलेले पानही लिहिणाऱ्याचे भले करू शकते; ते साहित्य ठरत नाही. उलट, बलुतंसारखी श्रेष्ठ कृती लेखकाला शांती देत नाही. असे असले, तरी या दोन गोष्टी सर्वस्वी असंबद्धही नाहीत. ज्या गुणांमुळे आत्मकथन लिहिणाऱ्याला उपकारक ठरते, त्यांपैकी बरेचसे गुण त्याला साहित्य म्हणूनही समर्थ करतात : प्रसंग व भावना यांची सांगड, कारणांचा शोध, स्वतःकडे परकेपणाने पाहण्याची तयारी आणि समोर नसलेल्या श्रोत्याविषयीचा विश्वास. हे गुण नसतील, तर आत्मकथन म्हणजे त्याच त्या दुःखाची उजळणी होते. तिने ना लेखकाचे समाधान होते, ना वाचकाचे. स्मृतिचित्रेमध्ये हे गुण समेटाच्या दिशेने, तर जिणं आमुचंमध्ये हक्काच्या दिशेने काम करतात. म्हणून आत्मकथन वाचताना लेखक दुःखातून मुक्त झाला की नाही, हे शोधत बसण्यापेक्षा दुःखाचे कारण त्याला किती स्पष्ट दिसले आणि ते त्याने वाचकाला किती स्पष्ट दाखविले, हे तपासणे समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरते.